बर्फवाल्याचा खाडा

पुन्हा फेब्रुवारी आला आहे. लीड्समध्ये तो वाजतगाजत येत नाही. जानेवारीचाच राखाडी सदरा उलटा करून घालतो आणि दारात उभा राहतो. मला तो कळतो रेडिओमुळे. सकाळी चहा उकळत असतो, हवामान सांगणारी बाई आधी दक्षिणेकडचा पाऊस सांगते, मग आमच्याकडचा, आणि शेवटी जाता जाता म्हणते की स्कॉटलंडच्या उंच भागात बर्फ पडला आहे. तेवढं एक वाक्य, आणि माझा चहा उतू जातो.

या घरात फेब्रुवारीत एक सण असायचा. त्याचं नाव खाडा.

तो सण आहे हे जाहीर केलं मुक्ताने, माझ्या मुलीने. ती प्राथमिक शाळेत असताना बाईंनी वर्गात विचारलं होतं, तुमच्या घरी कोणते सण असतात? कोणी ख्रिसमस सांगितला, कोणी ईद, कोणी बैसाखी. आमची मुलगी उभी राहून म्हणाली, "दिवाळी, गणपती आणि खाडा." पुढे पालकांच्या भेटीत त्या बाईंनी फार आदराने विचारलं की हा तिसरा सण आम्हाला ठाऊक नव्हता, तो कसा साजरा करतात? मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेला श्रीधर, माझा नवरा, गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सकाळी उशिरा उठायचं. कांदाभजी खायची. आणि त्या दिवशी कोणीही डोंगरावर जायचं नाही."

"हाउ लव्हली," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "अरे, त्या बिचारीला काय काय सांगितलंस!"

"यात खोटं काय आहे ते सांग."

खोटं काहीच नव्हतं.

दर फेब्रुवारीत एक आठवडा आम्ही स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्मच्या डोंगरांच्या पायथ्याशी एका छोट्या घरात काढायचो. श्रीधर स्की करायचा. तो भूलतज्ज्ञ होता, आणि त्याच्या हॉस्पिटलमधल्या एका सर्जनने त्याला पस्तिशीत पहिल्यांदा तिथल्या उतारावर उभं केलं होतं. त्या दिवशी तो बहुधा पाठीवरच जास्त घसरला; पण परत आला तो चेहऱ्यावर असं काही घेऊन, की मी ओळखलं, आता हे सुटणार नाही. मुक्ता चार वर्षांची झाल्यावर तिच्याही पायांना त्या लांब फळ्या लागल्या. मी मात्र कधीच गेले नाही. मला उतार आवडत नाहीत. मी पुस्तकं घेऊन जायचे, आणि त्या घरातल्या शेकोटीजवळ, ओल्या लोकरीच्या वासात, वाचत बसायचे. बापलेक संध्याकाळी लाल नाकांनी परत येत आणि दिवसभरात कोण किती वेळा पडलं यावरून भांडत.

बुधवारी मात्र दोघंही डोंगरावर जात नसत. आकाश निळं असो, बर्फ ताजा असो, मुक्ता कितीही कुरकुरो. "आज खाडा," श्रीधर पांघरुणातूनच म्हणायचा. लोक त्याला रेस्ट डे म्हणतात. थकलेल्या पायांनाच अपघात होतो, असं त्याचं डॉक्टरी कारण होतं, आणि ते खरंही होतं. पण शब्द त्याने निवडला होता खाडा.

तशी या शब्दाला कायम कपाळावरची एक आठी चिकटलेली असते. दूधवाल्याचा खाडा, पेपरवाल्याचा खाडा, कामाच्या बाईंचा खाडा. श्रीधरच्या तोंडी ती आठी नसायची, त्याचं कारण जळगावात होतं.

त्याच्या वडिलांची तिथे रसवंती होती. उन्हाळ्यात रोज सकाळी हातगाडीवरून बर्फाची लादी यायची, तरटात गुंडाळलेली, लाकडाच्या भुशाने माखलेली. वडील उजाडायच्या आत दुकानात जात आणि मुलं झोपल्यावर परत येत. अख्खा उन्हाळा मुलांना ते दिसत नसत. पण एखाद्या दिवशी कारखान्याची वीज जायची, बर्फ जमायचाच नाही, आणि निरोप यायचा की आज बर्फवाल्याचा खाडा. जळगावच्या मे महिन्यात कोमट रस कोण पिणार? चरकाचे घुंगरू गप्प, आणि वडील घरी. बनियनवर, पाय पसरून, मुलांशी पत्ते खेळत. संध्याकाळी आई भजी तळायची. "आम्ही देवासमोर हात जोडून उभे राहायचो," श्रीधर सांगायचा. "देवा, उद्या बर्फवाल्याचा खाडा होऊ दे."

बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात ज्या मुलाने बर्फ येऊ नये म्हणून प्रार्थना केली, तोच मोठा होऊन दर वर्षी लीड्सहून गाडी काढून बर्फाच्या शोधात उत्तरेला जायचा, आणि तिथेही एक दिवस स्वतःच्या हाताने बर्फाचा खाडा पाडायचा. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. माणसाच्या आयुष्याचं इतकं नीट पूर्ण झालेलं वर्तुळ मला त्यांत क्वचितच भेटलं.

आणि ते बुधवार माझे होते. बाकीचे दिवस तो डोंगराचा.

स्कीच्या गावातला विश्रांतीचा दिवस बघण्यासारखा असतो. एरवी सकाळी जिथे जाड बुटांची ठकठक चाललेली असते, तिथे खाडेवाले हळूहळू उगवतात. मांड्या इतक्या भरून आलेल्या असतात की बेकरीच्या दोन पायऱ्याही माणसं खेकड्यासारखी आडवी होऊन उतरतात. एकमेकांना बघून हसतात. खिडकीखाली रेडिएटरवर हातमोजे वाळत घातलेले असतात, दहा बोटं वर करून, कोणी शरण आल्यासारखे. आमच्या घरात श्रीधर बेसन कालवायचा, तेल तापायचं, आणि पहिला घाणा निघायच्या आत छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागायचा. मुक्ता टॉवेल घेऊन त्याच्याखाली उड्या मारायची. "सणाची सनई," श्रीधर म्हणायचा.

भजी होईपर्यंत शीना यायची. ते घर तिचं. वयाने आमच्यापेक्षा मोठी, उंच, थोराड हाडापेराची बाई. बुधवारी धुतलेले टॉवेल आणि शेकोटीची लाकडं आणून द्यायची. होकाराला तिकडचे लोक 'आय' म्हणतात, आणि शीनाचं प्रत्येक वाक्य त्यानेच सुरू व्हायचं. "बघ," श्रीधर मला मराठीत म्हणायचा, "एवढी मोठी झाली, तरी उठता बसता आईला हाक मारते." दर बुधवारी एक भजं तोंडात टाकून, जाता जाता दारात थांबून ती विचारायची, "सेम वीक, डॉक्टर?"

"सेम वीक," श्रीधर म्हणायचा.

"आय," शीना म्हणायची, आणि पुढच्या वर्षीचा तो आठवडा आमचा व्हायचा. कागद नाही, पत्र नाही.

दुपारी आम्ही जंगलातून तळ्यावर जायचो. तिकडे तळ्याला लॉख म्हणतात. लीड्समधल्या आमच्या शेजाऱ्यांच्या तोंडी त्याचं लॉक होतं, कुलपासारखं. आम्हाला मात्र तो ख जन्मापासून येत असल्याने शीना आमच्यावर खूश असायची. जुन्या पाइनच्या झाडांमधून वाट जाते. त्यांची साल वरच्या बाजूला नारिंगी असते, आणि आजूबाजूला सगळं पांढरं झालं की ती झाडं आतून पेटल्यासारखी दिसतात. तळ्याच्या काठी गेलं की श्रीधर टोपी वर करायचा, दोन्ही कान उघडे टाकायचा आणि उभा राहायचा. काही वेळाने विचारायचा, "ऐकलंस?"

"काय?"

"बर्फ बोलतं."

मला वारा ऐकू यायचा. फार तर एखादं बदक. पण तो शपथेवर सांगायचा की बर्फ कधी गप्प बसत नाही. लहानपणी तो लादीला कान लावून बसायचा. तरट काढलं, ऊन लागलं, की लादी आतल्या आत तडकायची आणि बोलायची. मग एवढं मोठं तळं बोलणार नाही? "तुला झोपलेल्या माणसांचं ऐकायची सवय," मी म्हणायचे. भूल दिलेल्या माणसाशेजारी बसून त्याच्या श्वासावर लक्ष ठेवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. ज्याला काही सांगता येत नाही त्याचं ऐकायचं, हेच त्याचं काम. "पुढच्या वर्षी ऐकू येईल," तो म्हणायचा, आणि टोपी खाली ओढायचा. दर वर्षी हेच.

बर्फाच्या लिंगाबद्दलही आमच्या घरात एकमत नव्हतं. मी पुण्याची, माझा तो बर्फ. श्रीधरचं ते बर्फ. आणि इथे जन्मलेल्या मुक्ताची ती बर्फ. तिघांचे तीन बर्फ एकाच तळ्यावर.

गेल्याच्या आधीच्या सप्टेंबरात श्रीधर गेला. बागेतली हेज कापताना, दुपारी. एका क्षणात; हॉस्पिटलपर्यंत न्यायचीही वेळ आली नाही. इतक्या माणसांना झोपवून पुन्हा उठवणारा माणूस, पण त्याला उठवायला कोणी शेजारी नव्हतं. त्यावर मी इथे जास्त लिहिणार नाही.

त्यानंतरच्या फेब्रुवारीची गोष्ट मी लिहायला बसले आहे.

आठवडा शीनाकडे आमच्या नावावर होता. मी तो सोडून द्यायचं ठरवलं होतं. जळगावहून श्रीधरच्या मोठ्या बहिणीचा, सुमनताईंचा, रविवारी फोन आला. "अगं, वर्ष व्हायचंय अजून. वर्षाच्या आत असं डोंगरावर हिंडायला जातात का? लोक काय म्हणतील?" इथे लीड्समध्ये कोण लोक, आणि ते काय म्हणणार, पण ताईंचा आवाज रडवेला होता, आणि मला स्वतःलाही जायचं नव्हतं. मी साउथहॅम्प्टनला मुक्ताला फोन केला. ती तिथे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे.

"नको जायला या वर्षी," मी म्हटलं.

 ती म्हणाली, "पण आई, मग खाडा पडेल ना."

मी चमकले. हा शब्द ती आयुष्यभर सणासारखा वापरत आली होती. "तुला हा अर्थ कुठून कळला?"

"सुमनआत्या. मी संडेला फोन नाही केला की म्हणते, काय गं, खाडा पडला." मग तिचा आवाज बदलला. "आय डोन्ट वॉन्ट की बाबाची वीक कोणी दुसऱ्याने घ्यावी."

म्हणून आम्ही गेलो. पण मी मनाशी एक ठरवलं होतं, आणि ते मुक्ताला सांगितलं नव्हतं. बुधवारी शीना दारात थांबून विचारेल. मी नाही म्हणणार होते. एकदा शेवटचं जायचं आणि ते घर सोडून द्यायचं.

स्कॉटलंडमधलं पर्थ मागे पडल्यावर रस्ता चढायला लागतो. तिथे रस्त्याच्या कडेला मोठी फाटकं आहेत, बर्फ फार झाला की ती लावून घेतात. ती उघडी होती. त्यांच्या पलीकडे झाडं संपतात आणि दोन्ही बाजूंनी डोंगर नुसते उभे राहतात, काही न पांघरता. इतकी वर्षं मी इथे पुस्तकातून मान वर केली नव्हती, कारण गाडी श्रीधर चालवायचा आणि बाहेर काय दिसतं तेही सतत तोच सांगायचा. या वेळी मुक्ता चालवत होती, गप्प होती, आणि मी पाहत होते.

घरात सगळं तसंच होतं. तेच कोच, तीच ओल धरून फुगलेली पुस्तकं. ट्रेमध्ये शीना नेहमी तीन मग मांडून ठेवायची. या वेळीही तीनच होते. ती विसरली की तिला आठवण होती, हे मी विचारलं नाही.

पहिले दिवस वादळाचे गेले. वाऱ्यामुळे डोंगरावरच्या लिफ्ट बंद. एक दिवस थोडा वेळ उघडल्या तशी मुक्ता वर गेली, आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता. बर्फाने असेल. मी शेकोटीजवळ बसून होते, आणि खाडा हा शब्द डोक्यातून जात नव्हता. मला वाटलं, खाडा कोणाचा पडतो? जो नेमाने येतो त्याचा. जो उद्या येणार आहे त्याचा. दूधवाला कायमचा गेला तर कोणी खाडा म्हणत नाही. बर्फवाल्याच्या खाड्याचा आनंद व्हायचा तोही दुसऱ्या दिवशी बर्फ येणार म्हणूनच. श्रीधर आता खाड्याच्याही पलीकडे गेला होता. त्या विचाराने मी त्या कोचावर बसले होते तशीच राहिले, चहा निवेपर्यंत.

बुधवारी जाग आली ती शांततेने. वारा पडला होता. पडदा सरकवला तर आकाश असं निळं, की आठवड्यात स्की करायला असा एकच दिवस मिळावा. मुक्ताचे बूट दाराशीच होते. मला वाटलं, ही आता जाणार, आणि गेली तर बरंच, शीनाशी मला एकटीला बोलता येईल. मुक्ता पायजम्यावर बाहेर आली. केस विस्कटलेले. खिडकीतून डोंगराकडे पाहिलं, अगदी हावऱ्यासारखं पाहिलं, आणि म्हणाली, "आज खाडा."

"अगं, असा दिवस पुन्हा..."

"आई. खाडा म्हणजे खाडा. बेसन कुठे आहे?"

तिने पीठ फारच पातळ केलं. भजी कसली, कांद्याची जाळी झाली. अलार्म बोंबलला. ती टॉवेल घेऊन त्याच्याखाली उड्या मारायला लागली, एवढी सव्वीस वर्षांची डॉक्टर, आणि मी इतके महिने ज्याची वाट पाहत नव्हते ते झालं. मला हसू आलं.

शीना सकाळी आलीच नाही. आम्ही तळ्याकडे निघालो.

जंगलात दहिवर गोठलं होतं. प्रत्येक सुईसारख्या पानावर, कोळ्याच्या प्रत्येक धाग्यावर पांढरे काटे उगवले होते, आणि उन्हाची तिरीप लागली की एखादा काटा सुटून खाली यायचा, हवेतच चमकत. पायाखालचा बर्फ जुन्या चामड्यासारखा करकरत होता. आम्ही थांबलो की तोही आवाज थांबे, आणि मग काहीच उरत नसे. इतकं काहीच नसणं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

झाडं संपली आणि तळं समोर आलं. काठापासून काठापर्यंत गोठलेलं. वाऱ्याने वरचा भुगा झाडून नेला होता, आणि खालचा बर्फ काळा, काचेसारखा, खोल दिसत होता. पलीकडे डोंगर. तो मी घरातून, या काठावरून कित्येकदा पाहिला होता. पण त्या सकाळी तो आपल्या सगळ्या उंचीनिशी समोर उभा होता आणि तितकाच पुन्हा तळ्यात खाली उतरला होता. वरच्या पांढऱ्या उतारावर काही ठिपके सरकत होते, मोहरीएवढे. माणसं. माझा नवरा आणि माझी मुलगी इतकी वर्षं तिथे एवढीएवढीशी असायची, आणि मी खाली खुशाल पानं उलटत असायचे. हा डोंगर हिमनदीने कोरलेला आहे, एवढं मला वाचून माहीत होतं. कोरणं म्हणजे काय ते पाहिल्यावर कळलं. ज्याला घाई नाही अशा कोणीतरी केलेलं काम.

ऊन डोंगरावरून उतरत तळ्याच्या कडेला आलं. बर्फाला लागलं.

आणि तळं बोललं.

आधी पायाखाली, फार खाली, घुमल्यासारखं काहीतरी. मोठ्या देवळात कोणी दूरचा दरवाजा लावावा तसं. मग तो आवाज निघाला. या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेल्या तारेवर कोणी काठी मारावी आणि ती झणझण लांब लांब जावी, बारीक होत जावी, तसा. तो पलीकडे पोचला, थांबला, आणि तिकडून उत्तर आलं. जाड, ओलं, एखाद्या प्रचंड प्राण्याने झोपेत कूस बदलावी तसं.

मुक्ताने माझा दंड घट्ट धरला होता. "आई, तू ऐकली? कसली आवाज आहे ती!"

मी मान हलवली. 

"बाबा खरी बोलत होता," ती कुजबुजली. तिचं व्याकरण दुरुस्त करावं असं आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं नाही.

ऊन जसं पुढे सरकत गेलं तसं तळं बोलत राहिलं. कधी गुरगुर, कधी शीळ. मुक्ताने एक चपटा खडा उचलून बर्फावर भिरकावला. तो टप्पे खात गेला, आणि प्रत्येक टप्प्याला असा चिवचिवला, की जणू काचेच्या खाली पाखरांचा थवाच उठला. ती लहान मुलीसारखी हसली. दुसरा खडा तिने माझ्या हातात दिला. मीही टाकला.

मला कळत होतं की हे कोणी माझ्यासाठी बोलत नाही. थंडी आहे, ऊन आहे, बर्फ फुगतो आणि आकसतो. श्रीधरनेच समजावलं होतं. आम्ही नसताना तळं असंच बोलतं. मला ऐकू येत नव्हतं त्या वर्षीही कुठल्यातरी सकाळी बोलत असणार. आणि जळगावला तरटाखाली एक लादी बोलायची, आणि एक मुलगा तिला कान लावून बसायचा. यात दिलासा होता असं मी म्हणणार नाही. दिलासा फार लहान शब्द आहे. मी एवढ्या मोठ्या कशाच्या तरी काठावर उभी होते, की माझं दुःख त्यात बुडालं नाही, पण पहिल्यांदाच त्याला ठेवायला पुरेशी जागा दिसली.

'पुढच्या वर्षी ऐकू येईल,' तो म्हणायचा. वर्ष चुकलं. म्हणणं चुकलं नाही.

परत आलो तर शीना दारात उभी होती, हातात टॉवेल, पायाशी लाकडांची टोपली. तिने आमच्या टोप्यांकडे पाहिलं. दोघींनीही कान उघडे टाकले होते, लालभडक.

"तळं गात होतं ना?" तिने विचारलं. "आय. डॉक्टरांना फार आवडायचं ते."

मुक्ताने तिला आतून ताटलीत एक भजं आणून दिलं. शीनाने ते उजेडात धरून पाहिलं, त्याच्या भोकांतून पलीकडचं दिसत होतं, आणि सगळं खाल्लं. मग ती दाराशी थांबली. टॉवेलाची घडी पुन्हा घातली. वर न पाहता म्हणाली, "मला विचारायला नको वाटतं. पण दुसरं एक कुटुंब वाट बघतंय."

मी तोंडात 'नाही' तयार ठेवलं होतं, लीड्सहून निघाल्यापासून. मुक्ता शेकोटीकडे तोंड करून उभी होती, आणि तिची पाठ ऐकत होती.

"सेम वीक," मी म्हणाले.

शीनाने माझ्याकडे पाहिलं. "आय," ती म्हणाली, आणि टॉवेल माझ्या हातात ठेवून गेली.

दार लागलं. मुक्ता वळली नाही. नाक ओढून, लाकडाशी उगाच खुडबुड करत म्हणाली, "म्हणजे खाडा नाही?"

"आहे ना," मी म्हणाले. "बुधवारी."